मार्थाच्या विटा

यंग्सटाऊन, ओहायो
३० जानेवारी १९७७

सिरिल,

सुखरूप पोचलास एवढं एका ओळीत कळवायला तुला महिना पुरत नाही का रे? शिकागोत शाई गोठली असेल, असं मी श्तेफानला म्हटलं. तर म्हणाला, "बाकीच्यांना लिहायला त्याच्याकडे सेक्रेटरी आहे. तुला मात्र स्वतः लिहावं लागतं, तिथे अडतं." नवरा कधी नव्हे ते बोलतो, आणि बोलतो तेव्हा तुझीच बाजू घेतो.

इथे मात्र खरंच सगळं गोठलंय. गॅसचा तुटवडा, शाळा बंद, पोलादाच्या मिलच्या निम्म्या लोकांना घरी बसवलंय. नदी तेवढी वाहतेय, कारण मिलचं गरम पाणी तिच्यात पडतं. खिडकीतून तिच्यावरची वाफ दिसते, तेवढाच दिलासा.

नाताळच्या आदल्या संध्याकाळची आठवण अजून निघते. आपण टेबलावर एक ताटली जास्तीची मांडतो ना, वाटेवरच्या परक्या माणसासाठी. तू बर्फात दोन तास अडकलास तेव्हा शेजारची वेरोना नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता सिरिलच्या खुर्चीत माझा ओन्द्रेय बसतो. सिरिल आला की त्याला परक्याची ताटली द्या." आणि तू आलास तो कोटही न काढता थेट आपल्या आईच्या फोटोखालच्या तुझ्या खुर्चीत जाऊन बसलास. मी तुझ्या कपाळावर मधाचा क्रूस काढला तेव्हा तुझ्या भुवईवर बर्फ होता. छत्तिशीचा झालास, पण खुर्चीसाठी भांडायची सवय काही गेली नाही.

आता कामाचं. श्तेफान बोलत नाही, पण झोपेत विटा मोजतो. मार्थाचं अस्तर संपत आलंय. भट्टीला बाईचं नाव कोणी दिलं देव जाणे, पण ही मार्था तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. तिच्या पोटातल्या विटा नऊ वर्षांपूर्वी त्याच्याच टोळीने लावल्या. आता त्या इतक्या झिजल्यात की बाहेरच्या पत्र्याला हात लावता येत नाही म्हणे. नवं अस्तर घातलं तर पुढची सात-आठ वर्षं कोणी मिल बंद करणार नाही. नाही घातलं, तर काय ते तुला कळतंच. त्याची नोकरी सत्तावीस वर्षांची झाली, पूर्ण पेन्शनला तीस लागतात. तू याच मिलच्या, गार्लंड स्टीलच्या हेड ऑफिसात बसतोस, तेही खरेदी खात्यात. डोळे उघडे ठेव एवढंच म्हणते.

तुझी
मिल्का


शिकागो
१४ फेब्रुवारी १९७७

मिल्का,

पोचलो. घे, एका ओळीत कळवलं. उशीर झाला, कान धर.

मार्थाबद्दल अजून काही कानावर नाही. खरेदी खात्यात आम्हाला कागद दिसतात, कागदामागचं डोकं दिसत नाही. काही आलं तर बघेन.

पण श्तेफानला सांग, तो इथे प्रसिद्ध झालाय. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्याची ती गोष्ट सांगितली. अडुसष्ट साली मोठे साहेब मार्थासमोर उभे राहून भविष्याबद्दल अर्धा तास बोलले आणि सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा हा खाली बसला, नव्या विटेवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "साहेबांचं मला ऐकू येत नाही. हिचं येतं." सगळं टेबल हसलं. पलीकडून आमचे उपाध्यक्ष व्हिटकम स्वतःची ताटली घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "तिकडची सगळी माणसं अशीच आहेत का?" मी म्हटलं, सगळी. बराच वेळ विचारत होते. पाच वर्षं मी या इमारतीत आहे, पण त्यांना माझं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी त्याच्या टोळीत होतो त्या दोन उन्हाळ्यांत श्तेफानने मला गवंड्याची करणी धरायला शिकवली नसती आणि मग कॉलेजला हाकललं नसतं, तर ही गोष्ट सांगायला मी इथे नसतोच. त्याला हे सांगू नकोस, चढेल.

सिरिल


यंग्सटाऊन
२७ मार्च १९७७

सिरिल,

तुझी गोष्ट वाचून दाखवली. श्तेफान लाल झाला. "त्याला म्हणावं, मी ते चेष्टेत बोललो होतो," म्हणाला. नंतर तेच पत्र घडी करून जेवणाच्या डब्यात घालून मिलमध्ये घेऊन गेला.

आता मन लावून वाच. व्हेंडेल आठवतो ना, श्तेफानच्या टोळीतला, डाव्या हाताचा? तो जानेवारीत बाल्टिमोरला गेला. तिथल्या मिलमध्ये त्यांना विटकामाचा फोरमन हवाय. त्याने श्तेफानचं नाव घातलं, साहेब राजी आहेत. शिवाय आणखी एक गवंडी घेणार आहेत, तर तिथे ओन्द्रेय जाऊ शकतो. दोघांनी एक जूनपर्यंत हो म्हणायचं. इथली नोकरीची वर्षं तिथे धरणार नाहीत, पण काम पक्कं आहे. श्तेफान सत्तेचाळीसचा आहे. या वयात असं बोलावणं पुन्हा येणार नाही.

शुक्रवारी चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही उपासाच्या पिरोही करत होतो. तेराजणी, बटाट्याचं सारण, हात पिठात. तिथे दुसरा विषयच नाही. वेरोना म्हणाली, "अगं, तुझा भाऊ त्यांच्यात बसतो. त्याला विचार ना. आमचं कोण आहे तिकडे?" मी म्हटलं, विचारते. बाकीच्या बाराही जणींनी लाटणी थांबवून माझ्याकडे बघितलं, सिरिल.

तुझ्या नोकरीवर बेतेल असं काही सांगू नकोस. एवढंच सांग, मार्थाला नवं अस्तर घालणार आहेत की नाही? हो किंवा नाही. आम्ही त्यावर ठरवू.

मिल्का


शिकागो
१४ एप्रिल १९७७

मिल्का,

ईस्टरला येता आलं नाही, क्षमा कर. तू आशीर्वाद घेऊन पाठवलेला गोड पाव पोचला. वाटेत थोडा वाळला होता, पण मी चुराही सोडला नाही.

तुझ्या प्रश्नाबद्दल. भट्टीच्या विटांची ऑर्डर माझ्या टेबलावरून गेली आहे. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मे महिन्यात त्या विटा यंग्सटाऊनच्या आवारात उतरतील. याहून जास्त मला सांगता येणार नाही, आणि हे मी सांगितलं असंही कुठे बोलू नकोस.

बाल्टिमोरचं श्तेफाननेच ठरवावं. त्याच्यापेक्षा विटा कोणाला जास्त कळतात?

सिरिल


यंग्सटाऊन
२२ मे १९७७

माझ्या सोन्या,

आल्या. गुरुवारी मालगाडीचे चार डबे आले आणि मार्थाच्या शेजारच्या शेडमध्ये उतरले. श्तेफान घरी आला तो शिट्टी वाजवत. आमच्या लग्नातही त्याने शिट्टी वाजवली नव्हती.

आज चर्चमधली प्रार्थना संपल्यावर निम्मी बिरादरी घरी न जाता मिलच्या कुंपणाकडे गेली. रविवारचे कपडे, बायकांच्या टोप्या, आणि सगळे ताडपत्रीखालच्या विटा बघतायत. फादर सुद्धा आले. ओन्द्रेय म्हणाला, "फादर, थोडं पवित्र पाणी शिंपडा की." फादर म्हणाले, "विटेला नको रे, फुगेल." दिवसभर हाच विनोद चाललाय.

इथल्या आवारात उतरलेल्या विटा आजवर कधी परत गेल्या नाहीत. हे मी सांगत नाही, सगळेच सांगतात. सासऱ्यांच्या वेळेपासून असंच आहे. विटा आल्या म्हणजे अस्तर होणार, अस्तर झालं म्हणजे मिल चालणार.

श्तेफानने शुक्रवारीच व्हेंडेलला नाही म्हणून कळवलं. ओन्द्रेयचं अजून डळमळत होतं. वेरोनाने मला अंगणात गाठलं. "खरं सांग मिल्का, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, थांबले असते. ती म्हणाली, "तुझा शब्द आहे?" मी म्हटलं, आहे. तिने मला मिठी मारली, दोघींचे अॅप्रन पिठाने माखलेले. ओन्द्रेयनेही नाही कळवलं. तुझं नाव मी घेतलं नाही, पण चर्चमधल्या बायका काय दूधखुळ्या आहेत?

तू आमच्यासाठी काय केलंस ते तुला कळणार नाही.

मिल्का


यंग्सटाऊन
१९ जून १९७७

सिरिल,

तुझं उत्तर नाही. कामात असशील. हे पत्र श्तेफानच्या सांगण्यावरून लिहितेय, तो समोर बसलाय आणि मी नीट लिहिते की नाही ते बघतोय.

विटांत चूक झाली आहे. काल सुट्टी होती म्हणून तो आणि ओन्द्रेय शेडमध्ये गेले आणि त्यांनी चुन्याने मार्थाच्या मापाचं वर्तुळ आखून त्यावर एक कोरडं रिंगण लावून बघितलं. तू केलंयस ते काम, तुला माहीत आहे. वीट एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, म्हणून एकापुढे एक ठेवत गेलं की गोल होतो. पण या विटांचा उतार कमी आहे. पुढून टेकतात आणि मागे प्रत्येक दोन विटांत बोटभर फट राहते. "अशा फटीतून लोखंड वितळून बाहेर येईल, माणसं मरतील," असं लिही म्हणतोय. या विटा मार्थापेक्षा मोठ्या भट्टीच्या मापाच्या आहेत.

कोण्या कारकुनाने चुकीचा आकडा टाकला असेल, असं त्याचं म्हणणं आहे. तो म्हणतो, "सिरिलला सांग, आत्ताच बदलून घे म्हणावं. नंतर कळलं तर त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल." त्या बिचाऱ्याची, सिरिल. असा माणूस मी नवरा म्हणून केलाय.

मिल्का


शिकागो
१ जुलै १९७७

मिल्का,

घाईत लिहितोय. माझी बढती झाली, आता मी खात्याचा उपप्रमुख आहे. आवराआवर चालू आहे, म्हणून पत्र राहिलं.

श्तेफानची तक्रार वाचली. त्याला सांग, काळजी करू नको. प्रत्येक वीट शेवटी आपल्या भट्टीला पोचेल. तोवर त्याने आणि ओन्द्रेयने त्या रिंगणाबद्दल कोणाशी बोलू नये. उगाच गवगवा झाला तर एखाद्याचं नुकसान होईल. रिंगण मोडून विटा पुन्हा ताडपत्रीखाली ठेवायला सांग.

उन्हाळा कसा आहे? इडोरा पार्कला सहल झाली का यंदा?

सिरिल


यंग्सटाऊन
२५ सप्टेंबर १९७७

सिरिल,

तुला कळलंच असेल. वर्तमानपत्रात आलं, टीव्हीवर आलं.

सोमवारी सकाळी श्तेफान नेहमीसारखा गेला आणि अकरा वाजता परत आला. बादलीत करणी, ओळंबा, दोरी, पाणसळ, सगळं घेऊन. सत्तावीस वर्षांत त्याने ती बादली कधी घरी आणली नव्हती. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "बंद केली." मी म्हटलं, मार्था? म्हणाला, "सगळी मिल." मग बादली मागच्या दाराशी ठेवली आणि हात धुवायला गेला. नळ कितीतरी वेळ वाहत होता.

पाच हजार माणसं. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक घर सुटलं नाही. श्तेफानने त्याच दिवशी व्हेंडेलला फोन केला. जागा जूनमध्येच भरली, आणि आता तिथल्या फाटकावर आपल्याकडच्यांची रांग लागलीय.

रोज सकाळी मी ओसरीचा कठडा पुसते, तुला आठवतं ना, मिलची लाल धूळ. लग्न झाल्यापासून त्या धुळीला शिव्या देत आले. काल पुसला तर फडकं पांढरंच राहिलं. मी तिथेच पायरीवर बसून रडले. अशा गोष्टीसाठी कोणी रडतं का?

शुक्रवारी स्वयंपाकघरात गेले. माझी नेहमीची जागा वेरोनाच्या शेजारी. मी उभी राहिले तशी तिने आपला पोळपाट उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. ओन्द्रेयचं बोलावणं माझ्या शब्दावर गेलं, सिरिल. दोघांनाही मीच थांबवलं.

आणि मला तुझी काळजी वाटते. तुलाही त्यांनी फसवलंच ना? तुझ्या टेबलावरून ऑर्डर पाठवली, विटा पाठवल्या आणि मग हे. तुझी नोकरी आहे ना रे? की तुलाही काढलं, म्हणून पत्र नाही? असं असेल तर लाजू नकोस. वरची खोली रिकामी आहे. ये.

मिल्का


यंग्सटाऊन
२३ ऑक्टोबर १९७७

सिरिल,

अजून तुझं पत्र नाही. ऑफिसात फोन केला तर एक मुलगी म्हणाली, "ते मीटिंगमध्ये आहेत." म्हणजे नोकरी आहे. बरं वाटलं, खरंच. आज मात्र वेगळंच लिहायचं आहे.

कंपनीने श्तेफान, ओन्द्रेय आणि आणखी चौघांना आठ दिवसांसाठी बोलावलं. मार्थाशेजारच्या विटा पुन्हा डब्यांत चढवायच्या होत्या. पहिल्या दिवशी तळाची थप्पी उचलली, तर खालच्या लाकडी फळीवर छापील चिठ्ठी निघाली. इंडियानाची मिल, भट्टी क्रमांक चार, आणि तारीख फेब्रुवारीची. ओन्द्रेय म्हणाला, "कोणी चुकून चिकटवली असेल." श्तेफानने दोरी घेतली आणि जमिनीवर नवं वर्तुळ आखलं, मार्थापेक्षा मोठं. मग दोघांनी पुन्हा कोरडं रिंगण लावलं.

बंद झालं. एकही फट नाही. शेवटची वीट नुसत्या हाताच्या दाबाने बसली. श्तेफान म्हणतो, इतकं नेटकं रिंगण त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो त्याच्या मधोमध उभा राहिला आणि ओन्द्रेयला म्हणाला, "चूक नव्हती रे. कोणाचीच चूक नव्हती."

मग त्या सगळ्या विटा त्याने गवत घालून, एकेक पुसून डब्यांत रचल्या. मी म्हटलं, फेकायच्या होत्यास. म्हणाला, "विटेचा काय दोष?"

या विटा पहिल्यापासून इंडियानाच्या होत्या. आता सांग. मार्चमध्ये मी तुला विचारलं, तेव्हा तुला हे माहीत होतं का?

हो किंवा नाही.

मिल्का


शिकागो
२७ नोव्हेंबर १९७७

मिल्का,

हो.

पाच वेळा कागद फाडला. आता जे लिहीन ते तसंच पाठवणार आहे.

इंडियानाच्या भट्टीचा पाया तयार नव्हता, विटा कुठेतरी ठेवायच्या होत्या. यंग्सटाऊन बंद करायचं फेब्रुवारीतच ठरलं होतं. पण सप्टेंबरपर्यंत मोठ्या ऑर्डर पुऱ्या करायच्या होत्या आणि भीती अशी की कुणकुण लागली तर जुनी माणसं आधीच दुसरीकडे जातील. व्हिटकम मला ओळखायला लागले होते ते श्तेफानच्या त्या गोष्टीमुळे. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "विटा तिथे ठेवल्या तर तुझी माणसं थांबतील का?"

मी म्हटलं, थांबतील.

तेवढंच. एक शब्द. मला वाटलं, मी फक्त खरं ते सांगतोय. नंतर तुझं पत्र आलं, बाल्टिमोरचं. मी दोन रात्री जागलो. "नाही" असं लिहिलं असतं तर कदाचित माझी नोकरी गेली असती. मी असं काहीतरी लिहिलं ज्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की श्तेफान हुशार आहे, त्याला कळेल. जूनमध्ये त्याला कळलंही होतं. पण त्याने ते माझ्यावर सोपवलं आणि तेव्हाही मी तेच केलं.

मी रोज सकाळी नवीन खोलीत बसतो. दारावर माझं नाव आहे. मी काय केलंय ते मला कळतं, मिल्का. कोणाला सांगू? तुझ्याशिवाय मला दुसरं माणूस नाही.

नाताळच्या संध्याकाळी मला येऊ दे. मी श्तेफानसमोर उभा राहीन, तो म्हणेल ते ऐकून घेईन. पहिला तारा दिसून सगळे जेवायला बसायच्या आत पोचेन. फक्त ये म्हण.

सिरिल


यंग्सटाऊन
११ डिसेंबर १९७७

सिरिल,

तुझं पत्र मी टेबलाशी मोठ्याने वाचलं. श्तेफानने करणी साफ करत ऐकलं. तो चर्चचा जिना दुरुस्त करायला जातो, एक पैसा घेत नाही. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "म्हणजे माझ्या गोष्टीनेच झालं." मी म्हटलं, नाही, सिरिलने केलं. त्याने मान हलवली. तो अजून तुझ्यासाठी सबब शोधतोय. आता ते तुझं काम तो करणार नाही, असं मी त्याला सांगितलंय.

मी तुझी वर्षभराची पत्रं काढून पुन्हा वाचली. खरंच आहे, एक वाक्य खोटं नाही. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली." पाहिली होतीस. "आवारात उतरतील." उतरल्या. "प्रत्येक वीट आपल्या भट्टीला पोचेल." पोचली, माझ्या नवऱ्याने रचून पाठवली. किती बसून लिहिलं असशील. अरे, सरळ खोटं बोलला असतास तर घाबरला म्हणून मी सोडून दिलं असतं. लहानपणी जाम चोरायचास तेव्हा सोडायचे तसं. तू शब्द निवडलेस, सिरिल. माझ्यासाठी, एकेक करून.

आणि मला तू तुझ्यासारखं करून ठेवलंस. तुझा शब्द मी माझा म्हणून वेरोनाला दिला. गेल्या शुक्रवारी मी तिच्या घरी गेले. ती भांडी खोक्यात भरत होती, पुढच्या महिन्यात ते ओन्द्रेयच्या बहिणीकडे डेट्रॉइटला चाललेत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन. ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, नाही. "शपथ?" मी म्हटलं, आता माझ्या शपथेला काय किंमत आहे ते तूच ठरव. ती बराच वेळ एकच कप कागदात गुंडाळत होती. मग म्हणाली, "तुझ्या भावासारखी असतीस तर सांगायला आलीच नसतीस." आणि मला खुर्ची दिली.

या नाताळला ती आणि ओन्द्रेय आमच्याकडे जेवणार आहेत. त्यांचं स्वयंपाकघर खोक्यांत गेलंय. कोबीचं आंबट सूप मीच करणार, वेरोना वाळलेल्या आळंब्या आणणार.

तू विचारलंस, येऊ का. त्या संध्याकाळी आपल्यात दाराशी आलेल्या कोणाला परत पाठवत नाहीत. आईने आपल्याला तसंच शिकवलं आणि मी ते मोडणार नाही. ये. दार उघडं असेल, सूप गरम असेल, श्तेफान तुझा हात हातात घेईल, तो कोणाचाही घेतो.

पण आईच्या फोटोखाली यंदा ओन्द्रेय बसेल. मधाचा क्रूस मी घरच्यांच्या कपाळावर काढते. तुझ्यासाठी टेबलाच्या टोकाला ती जास्तीची ताटली मांडलेली आहे, नेहमीसारखी. तिथे बस.

मिल्का